झोपडपट्टी फुटबॉल

झोपडपट्टी फुटबॉल : शहरांतील झोपडपट्ट्यांत व गरीब वस्त्यांत राहणाऱ्या मुलांसाठी आणि तरुणांसाठी संघटितपणे चालविला जाणारा फुटबॉलचा उपक्रम. याचा आरंभ २००१ साली नागपूर येथे झाला. येथील हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे हे त्याचे प्रवर्तक होत. त्यांनी स्थापन केलेली क्रीडा विकास संस्था, नागपूर ही ‘स्लम सॉकर’ या नावाने देशात व परदेशांत ओळखली जाते. हा फुटबॉलचा वेगळा प्रकार नव्हे. खेळ तोच आहे. मात्र खेळाडूंची निवड, सामन्याचे आयोजन, मैदानाचा आकार आणि खेळामागील उद्देश या बाबतींत तो रूढ स्पर्धात्मक फुटबॉलपेक्षा निराळा आहे. रूढ फुटबॉलमध्ये उत्तम खेळाडू शोधून त्यास स्पर्धेसाठी घडविले जाते. झोपडपट्टी फुटबॉलमध्ये ज्यास कोणत्याही संघात स्थान मिळाले नसते, त्यास प्रथम खेळात आणणे आणि खेळाच्या द्वारे शिक्षण, आरोग्य व उपजीविका यांच्याशी त्याचा संबंध जोडणे हे कार्य प्रमुख मानले जाते.

पार्श्वभूमी : आधुनिक फुटबॉल भारतात ब्रिटिश लष्करी पलटणी, रेल्वे कंपन्या व मिशनरी महाविद्यालये यांच्यामार्फत आला. सिमला येथील ड्युरँड चषक (१८८८), मुंबईतील रोव्हर्स चषक (१८९१) आणि कलकत्त्यातील आय.एफ.ए. ढाल (१८९३) या स्पर्धा प्रारंभी मुख्यतः गोऱ्या सैनिकांच्या संघांसाठी होत्या. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशर पलटणीच्या संघाचा २–१ असा पराभव करून आय.एफ.ए. ढाल जिंकली, तेव्हा त्या संघातील दहा खेळाडू अनवाणी खेळत होते. बूट घालणारे एकमेव खेळाडू सुधीर चॅटर्जी हे बचावफळीतील होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्येही तालिमेरेन आओ यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघातील बहुतेक खेळाडू अनवाणीच उतरले आणि फ्रान्सकडून १–२ असे निसटते हरले. साधनांच्या अभावी खेळ अडत नाही, ही गोष्ट भारतीय फुटबॉलच्या इतिहासात पूर्वीपासूनच दिसून येते. हुतुतू, खोखो यांप्रमाणेच फुटबॉल हा अल्प खर्चाचा खेळ आहे. एक चेंडू, थोडी मोकळी जागा आणि गोलखांब म्हणून ठेवलेले चार दगड एवढ्यावर तो सुरू होऊ शकतो. त्यामुळे गरीब वस्त्यांत तो सहज रुजतो.

नागपूर परिसरातही फुटबॉलची परंपरा जुनी आहे. नागपूरपासून जवळच, कन्हान नदीकाठी, १८२१ साली वसविण्यात आलेल्या कामठी येथील लष्करी छावणीमुळे या भागास पलटणींच्या खेळांचा परिचय घडला. विणकरांची व विडी कामगारांची मोठी वस्ती असलेल्या कामठी गावात फुटबॉल लोकप्रिय झाला. तेथील रब्बानी क्लब हा नागपूर जिल्ह्याच्या फुटबॉलमधील एक नामांकित संघ होय. रेल्वेचाही या खेळास आधार मिळाला. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वेचे नाव तिच्या फुटबॉल संघामुळे कलकत्त्याच्या लीगमध्ये दीर्घकाळ गाजत राहिले. नागपुरातील मोतीबाग येथे रेल्वेचे मैदान आहे. १८८३ साली स्थापन झालेले आणि स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचे नाव धारण करणारे हिस्लॉप महाविद्यालय हे शहरातील जुन्या महाविद्यालयांपैकी एक आहे. तथापि क्रिकेटला मिळालेली लोकप्रियता, आश्रय व पैसा फुटबॉलला नागपुरात कधीच लाभला नाही. जिल्हा संघटनेच्या लीगमधील सामने स्थानिक प्रेक्षकांपुरते मर्यादित राहिले आणि खेळाडूंना पोटापाण्यासाठी अन्य व्यवसायांवर अवलंबून राहावे लागले.

वस्त्या व मैदाने : नागपूर ही १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी होती. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचनेनंतर तिचे राजधानीपद संपले. परंतु कापडगिरण्या, रेल्वे, बाजारपेठ व बांधकाम यांमुळे खेड्यांतून येणाऱ्या मजुरांचा ओघ चालूच राहिला. त्यांतून शहरात जागोजागी झोपडपट्ट्या उभ्या राहिल्या. महाराष्ट्र झोपडपट्टी (सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास) अधिनियम १९७१ साली अंमलात आला. त्यान्वये अनेक वस्त्या घोषित झाल्या. पुष्कळ वस्त्या मात्र अघोषितच राहिल्या. २०११ च्या जनगणनेनुसार नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांहून अधिक होती व तीपैकी सुमारे एक तृतीयांश लोक झोपडपट्ट्यांत राहत होते.

अशा वस्त्यांत घरे दाटीने उभी असल्याने खेळासाठी स्वतंत्र जागा नसते. मुले रस्त्यावर, नाल्याकाठच्या पडीक जमिनीवर किंवा आवाराची भिंत ओलांडून एखाद्या शाळा-महाविद्यालयाच्या मैदानावर खेळतात. मैदानांवरील मुलांचा हक्क हा त्यामुळे केवळ करमणुकीचा प्रश्न राहत नाही. शाळा सुटलेल्या, दिवसभर रिकाम्या असलेल्या आणि कमावत्या माणसांची देखरेख नसलेल्या मुलांभोवती दारू, जुगार, अमली पदार्थ व किरकोळ गुन्हे यांचे जाळे असते. संध्याकाळचे दोन तास ती कोठे व कोणाबरोबर घालवितात, यावर त्यांचे पुढील आयुष्य बऱ्याच अंशी अवलंबून असते. संयुक्त राष्ट्रांच्या शैक्षणिक, वैज्ञानिक व सांस्कृतिक संघटनेने (यूनेस्को) १९७८ च्या सनदेत शारीरिक शिक्षण व क्रीडा यांचा लाभ हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क असल्याचे घोषित केले. प्रत्यक्षात मात्र हा हक्क ज्याच्या शाळेला मैदान आहे व ज्याच्या घरी बुटांपुरता पैसा आहे, त्यालाच बहुधा मिळतो.

प्रारंभ : २००१ मध्ये एका पावसाळी दिवशी काही मुले फुटक्या बादलीला लाथा मारीत फुटबॉल खेळत असल्याचे बारसे यांनी पाहिले आणि त्यांना खेळण्यासाठी चेंडू दिला. झोपडपट्टी फुटबॉलच्या उगमाची ही हकिकत त्यांनी स्वतः अनेक वेळा सांगितली आहे. खेळत असताना ही मुले अन्य दुर्वर्तनापासून दूर राहतात, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यानंतर त्यांनी केवळ झोपडपट्ट्यांतील मुलांसाठी शहरपातळीवर एक स्पर्धा भरविली. तीत भाग घेण्यासाठी खेळाडू झोपडपट्टीत राहणारा असावा, एवढीच मुख्य अट होती. बूट वा गणवेश यांची सक्ती नव्हती. नोंदलेला क्लब असण्याचीही आवश्यकता नव्हती. स्पर्धेस शंभराहून अधिक संघ आले. संघटित फुटबॉलच्या कक्षेबाहेर खेळाडूंचा किती मोठा समूह उपेक्षित राहिला होता, याची कल्पना या संख्येवरून येते. पुढे या स्पर्धांचा विस्तार जिल्हा, राज्य व राष्ट्रीय पातळ्यांवर झाला.

या कार्यास सुरुवातीस फारसे आर्थिक साहाय्य लाभले नाही. बारसे यांनी महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावर मिळालेल्या रकमेतून नागपूरबाहेर जमीन घेतली आणि तेथे वस्त्यांतील मुलांसाठी प्रशिक्षणकेंद्र उभारण्याचा उपक्रम हाती घेतला. त्यांचे पुत्र अभिजित बारसे यांनी पुढे संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची जबाबदारी स्वीकारली. तेव्हापासून प्रासंगिक स्पर्धांच्या जागी वस्त्यावस्त्यांतून नियमित चालणाऱ्या वर्गांना महत्त्व आले. स्पर्धा वर्षातून काही दिवस चालते; प्रशिक्षणाचा वर्ग मात्र आठवड्यातून अनेकदा भरतो. त्यामुळे मुलाची गैरहजेरी, आजारपण किंवा शाळा सोडणे या गोष्टी मार्गदर्शकाच्या तत्काळ लक्षात येतात. ‘एज्युकिक’ या उपक्रमात चेंडू व मैदानावरील हालचाली यांच्या साहाय्याने गणितासारखे शालेय विषय शिकविले जातात.

खेळाचे स्वरूप व नियम : झोपडपट्टी फुटबॉलचे सामने जागेच्या उपलब्धतेनुसार अकरा, सात, पाच किंवा चार खेळाडूंच्या संघांत होतात. आंतरराष्ट्रीय पातळीवर चार खेळाडूंचा रस्त्यावरील फुटबॉल प्रमाण मानला जातो. त्याचे मैदान २२ मी. लांब व १६ मी. रुंद असून त्याच्या कडांना लाकडी फळ्यांची आडभिंत असते. नेहमीच्या फुटबॉल मैदानाची लांबी आंतरराष्ट्रीय सामन्यांत किमान १०० मी. असते, हे लक्षात घेता हे मैदान किती लहान आहे, ते स्पष्ट होते. गोल ४ मी. रुंद व १.३ मी. उंच असतो. प्रत्येक संघात एक गोलरक्षक व तीन मैदानी खेळाडू असतात आणि चार बदली खेळाडू ठेवता येतात. सामना प्रत्येकी सात मिनिटांच्या दोन डावांत संपतो. गोलक्षेत्रात फक्त गोलरक्षकास उभे राहता येते व त्यालाही ते क्षेत्र सोडता येत नाही.

प्रत्येक संघाचा एक खेळाडू सदैव प्रतिपक्षाच्या अर्ध्या भागात असला पाहिजे, हा या खेळातील महत्त्वाचा नियम होय. त्यामुळे कोणत्याही क्षणी बचावास गोलरक्षकाखेरीज दोनच खेळाडू उपलब्ध असतात, तर चढाई करणाऱ्या संघाचे तीन खेळाडू पुढे येऊ शकतात. परिणामी गोल विपुल होतात व केवळ बचावाच्या आधारे सामना वाचविता येत नाही. बचावपटूचे कौशल्यही येथे बदलते. मोठ्या मैदानावरील बचावपटूस लांब फटक्याने चेंडू दूर घालविता येतो. लहान मैदानात तसा चेंडू फळीवर आदळून परत येतो, म्हणून तो पायाखाली रोखून लगेच सहकाऱ्याकडे द्यावा लागतो. दोघांपैकी एकाने प्रतिस्पर्ध्यास अडविले, की दुसऱ्याने मोकळी राहिलेली जागा झाकावी लागते. अरुंद गल्ल्यांत खेळून मोठ्या झालेल्या मुलांना हे तंत्र लवकर आत्मसात होते. साखळी सामन्यांत विजेत्यास तीन गुण मिळतात. बरोबरी झाल्यास पेनल्टीद्वारा निकाल लावतात आणि अशा वेळी विजेत्यास दोन व पराभूत संघास एक गुण दिला जातो.

बेघरांची विश्वचषक स्पर्धा : नागपुरात ज्या वर्षी झोपडपट्टी फुटबॉलचा आरंभ झाला, त्याच वर्षी अन्यत्रही तशाच एका कल्पनेचा उदय झाला. बेघरांनी रस्त्यावर विकावयाची वृत्तपत्रे चालविणाऱ्या संस्थांची एक परिषद २००१ मध्ये केपटाऊन येथे भरली होती. तीत स्कॉटलंडचे मेल यंग व ऑस्ट्रियाचे हाराल्ट श्मीट यांनी बेघर लोकांच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेची कल्पना मांडली. पहिली स्पर्धा २००३ मध्ये ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे झाली. तीत अठरा देशांनी भाग घेतला व यजमान ऑस्ट्रियाने विजेतेपद पटकाविले. त्यानंतर गॉथनबर्ग (२००४), एडिंबरो (२००५), केपटाऊन (२००६), कोपनहेगन (२००७), मेलबर्न (२००८), मिलान (२००९), रीओ दे जानेरो (२०१०) व पॅरिस (२०११) इ. शहरांत ती प्रतिवर्षी भरत गेली. महिलांची स्वतंत्र स्पर्धा २००८ पासून घेतली जाऊ लागली. कोविड साथीमुळे २०२० ते २०२२ या वर्षांत स्पर्धा होऊ शकली नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतील सॅक्रामेंटो येथे ती पुन्हा सुरू झाली. २०२४ ची स्पर्धा सोल येथे, तर २०२५ ची ऑस्लो येथे झाली.

या स्पर्धेत खेळणारा किमान सोळा वर्षांचा असावा लागतो. तो नजीकच्या काळात आपल्या देशातील व्याख्येनुसार बेघर असला पाहिजे, किंवा रस्त्यावर वृत्तपत्रे विकून उपजीविका करणारा अथवा आश्रय मागणारा निर्वासित असला पाहिजे. व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या व पूर्वी बेघर असलेल्या व्यक्तींनाही प्रवेश दिला जातो. कोणत्याही खेळाडूस आयुष्यात एकदाच या स्पर्धेत भाग घेता येतो. निष्णात खेळाडूंचा कायम संघ तयार होऊ नये आणि दरवर्षी नव्या व्यक्तींना संधी मिळावी, हा त्यामागील हेतू आहे. क्रीडा विकास संस्थेमार्फत निवडलेले भारताचे संघ २००७ पासून या स्पर्धेत उतरू लागले. रीओ दे जानेरो येथील २०१० च्या स्पर्धेत नागपूरच्या वस्तीतून आलेले अखिलेश पॉल हे भारतीय संघाचे कप्तान होते. ज्या तरुणांजवळ राहत्या जागेचा पुरावा नव्हता, त्यांना पारपत्र मिळविण्यासाठी प्रथम जन्मदाखला, शिधापत्रिका इ. कागदपत्रे जमवावी लागतात. त्यामुळे अशा खेळाडूच्या बाबतीत परदेशप्रवासाची तयारी ही नागरिक म्हणून त्याची पहिली नोंद ठरण्याचा संभव असतो.

तीन भागांचा सामना : झोपडपट्टी फुटबॉलमध्ये वापरली जाणारी आणखी एक पद्धती ‘फुटबॉल-थ्री’ या नावाने ओळखली जाते. तिचा उगम दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात झाला. १९९४ च्या विश्वचषक स्पर्धेत, २२ जून रोजी, अमेरिकेविरुद्धच्या सामन्यात कोलंबियाचा बचावपटू आंद्रेस एस्कोबार याच्या पायाला लागून चेंडू स्वतःच्याच गोलात गेला व कोलंबियाचा १–२ असा पराभव झाला. मायदेशी परतल्यावर २ जुलै रोजी मेदेयीन शहरात त्याची गोळ्या घालून हत्या करण्यात आली. या घटनेने व्यथित झालेले जर्मन कार्यकर्ते युर्गेन ग्रीसबेक यांनी मेदेयीनच्या हिंसाग्रस्त वस्त्यांत तरुणांना एकत्र आणण्यासाठी फुटबॉलचा एक नवा प्रकार सुरू केला. पुढे २००२ मध्ये त्यांनी बर्लिन येथे ‘स्ट्रीटफुटबॉलवर्ल्ड’ ही संघटना स्थापिली. तिच्या जाळ्यात नागपूरच्या संस्थेचाही समावेश झाला.

या पद्धतीत सामन्याचे तीन भाग असतात. पहिल्या भागात दोन्ही संघ एकत्र बसून त्या दिवसापुरते नियम ठरवितात. दुसऱ्या भागात प्रत्यक्ष खेळ होतो. या खेळात पंच नसतो. खेळाडूंनी आपल्या चुका आपणच मान्य करावयाच्या असतात. तिसऱ्या भागात दोन्ही संघ पुन्हा एकत्र येतात व ठरलेले नियम कितपत पाळले गेले, याची चर्चा करून एकमेकांस सद्वर्तनाचे गुण देतात. अंतिम निकालात गोलांबरोबर हे गुणही धरले जातात. संघात मुले व मुली एकत्र असतात. पंचाच्या जागी असणारा मध्यस्थ केवळ चर्चेस साहाय्य करतो. भांडण हातघाईवर नेण्याऐवजी बोलून मिटविण्याची सवय लागावी, हा या पद्धतीचा उद्देश होय. निरनिराळ्या जातिधर्मांची कुटुंबे शेजारीशेजारी राहत असलेल्या नागपूरसारख्या शहरातील वस्त्यांत तिची उपयुक्तता विशेष जाणवते.

खेळाडू ते मार्गदर्शक : खेळातील गुणवत्तेचे उपजीविकेत रूपांतर कसे व्हावे, हा झोपडपट्टी फुटबॉलपुढील कळीचा प्रश्न आहे. इंग्लंडमधील व्यवस्थेशी तुलना केल्यास त्याचे स्वरूप स्पष्ट होते. इंग्लंडमध्ये १८६३ मध्ये फुटबॉल संघटना व १८८८ मध्ये बारा क्लबांची फुटबॉल लीग स्थापन झाली. तेथील व्यावसायिक क्लबांची रचना उतरंडीसारखी आहे. सर्वोच्च प्रीमियर लीगमध्ये वीस क्लब असून तिच्याखालील तीन श्रेणींत प्रत्येकी चोवीस, असे एकूण ९२ क्लब आहेत. त्यांच्याखाली निमव्यावसायिक व हौशी लीगांची लांबलचक मालिका आहे. प्रत्येक श्रेणीतील यशस्वी संघ वर चढतात व अपयशी संघ खाली उतरतात. या व्यवस्थेमुळे ज्याचे नाव गावाबाहेर कोणास ठाऊक नाही, असा तिसऱ्या वा चौथ्या श्रेणीतील साधा बचावपटूही दहा-पंधरा वर्षे खेळून आपला चरितार्थ चालवू शकतो. निवृत्तीनंतर तो प्रशिक्षक होतो. खालच्या श्रेणीतील एखाद्या क्लबात तो आरंभी खेळाडू व व्यवस्थापक अशी दुहेरी भूमिकाही बजावतो. तेथील व्यवस्थापक केवळ कवायत घेत नाही. संघनिवड, डावपेच, नव्या खेळाडूंची खरेदी व मर्यादित पैशांत संघ टिकवून धरणे ही सर्व कामे त्याच्याकडे असतात. मैदानाच्या मागील भागातून सर्व खेळ समोर पाहणाऱ्या बचावपटूंना या कामी आपल्या अनुभवाचा उपयोग होतो.

भारतात अशी उतरंड दीर्घकाळ नव्हती. राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ मध्ये, आय-लीग २००७ मध्ये आणि इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली. परंतु जिल्ह्याच्या लीगमधून राष्ट्रीय पातळीपर्यंत जाणारा मार्ग विदर्भातील खेळाडूस सहज उपलब्ध नव्हता. संतोष करंडक स्पर्धेत महाराष्ट्राने १९६३–६४, १९९०–९१ व १९९९–२००० या हंगामांत विजेतेपद मिळविले. तथापि राज्यातील फुटबॉलचे केंद्र प्रामुख्याने मुंबई राहिले. रेल्वे, पोलीस, बँका आदींच्या संघांतील नोकरी हेच नागपूरच्या खेळाडूचे मोठे उद्दिष्ट असे. शासकीय सेवेत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी महाराष्ट्रात ५ टक्के जागा राखीव आहेत. मात्र त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनांच्या विहित स्पर्धांतील यश आवश्यक असते आणि अशा स्पर्धांपर्यंत वस्तीतील मुलगा क्वचितच पोहोचतो.

या परिस्थितीत झोपडपट्टी फुटबॉलने निराळा मार्ग काढला. वस्तीतील खेळाडूंपैकी जबाबदारी घेऊ शकणाऱ्या तरुणांना निवडून त्यांनाच मार्गदर्शक म्हणून तयार करणे, हे संस्थेच्या कार्याचे सूत्र बनले. असा मार्गदर्शक बाहेरचा नसतो. मुलाचे घर, त्याचे मित्र व त्याच्या अडचणी यांची त्यास माहिती असते. त्याच्या शब्दाला वस्तीत वजन असते. चेंडू ताब्यात ठेवणे, पास देणे, बचाव करणे यांबरोबर स्वच्छता, आहार, व्यसनांचे दुष्परिणाम व मुलींशी वागण्याची रीत या गोष्टीही त्यास शिकवाव्या लागतात. अखिलेश पॉल यांनीही पुढे प्रशिक्षणाचे काम स्वीकारले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्रमाणपत्र-परीक्षा श्रेणीश्रेणीने वर चढत जातात. त्यांपैकी प्रारंभीच्या परीक्षा उत्तीर्ण झाल्यास शाळा, अकादमी वा क्लब यांत मार्गदर्शकाचे काम मिळू शकते. खेळाडू म्हणून वयाच्या तिशीनंतर संपणारे आयुष्य मार्गदर्शक म्हणून पुढे चालू राहते. इंग्लंडमधील खालच्या श्रेणीच्या खेळाडूस जे सातत्य क्लबांच्या उतरंडीमुळे मिळते, ते येथे अशा रीतीने काही प्रमाणात साधले जाते. मात्र वेतनाची व सुरक्षिततेची तुलना करता येत नाही.

मुलींचा सहभाग : प्रारंभी हा उपक्रम बहुतांशी मुलांपुरता होता. मुलींना मैदानावर आणणे अधिक कठीण होते. घरकाम, धाकट्या भावंडांचा सांभाळ, लवकर होणारे विवाह, संध्याकाळी बाहेर पडण्यावरील बंधने आणि खेळाच्या पोशाखास होणारा विरोध ही त्याची प्रमुख कारणे होत. ‘शक्ती गर्ल्स’ या उपक्रमाद्वारे संस्थेने मुलींसाठी स्वतंत्र वर्ग चालविले व त्यांत आरोग्य, मासिक पाळी, स्त्री-पुरुष समानता या विषयांवरील शिक्षण खेळाशी जोडले. मुली नियमित येऊ लागण्यासाठी पालकांचा विश्वास संपादन करणे आवश्यक असते. म्हणून स्त्री-मार्गदर्शकांची नेमणूक, घराजवळचे मैदान आणि अंधार पडण्यापूर्वी संपणारा वर्ग या साध्या वाटणाऱ्या गोष्टी निर्णायक ठरतात. पुढील काळात भारताच्या महिला संघानेही बेघरांच्या विश्वचषक स्पर्धेत भाग घेतला.

गौरव व प्रसिद्धी : ‘सत्यमेव जयते’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या तिसऱ्या सत्रातील पहिला भाग ५ ऑक्टोबर २०१४ रोजी प्रसारित झाला. तो खेळाच्या सामाजिक सामर्थ्यास वाहिलेला होता व त्यामधून बारसे व अखिलेश पॉल यांचे कार्य देशभर पोहोचले. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने (फिफा) विविधतेच्या पुरस्कारासाठी या संस्थेची निवड केली. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचा झुंड हा हिंदी चित्रपट ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. त्याचे कथानक बारसे यांच्या कार्यावर आधारित असून त्यातील क्रीडाशिक्षक विजय बोराडे यांची भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली. नागपूरच्या वस्त्यांतील तरुणांनी त्यात महत्त्वाच्या भूमिका केल्या. मैदान व वस्ती यांना विभागणारी भिंत, हे या चित्रपटात सामाजिक विषमतेचे प्रतीक म्हणून आलेले आहे.

मर्यादा व मूल्यमापन : झोपडपट्टी फुटबॉलविषयी काही आक्षेप घेतले जातात. खेळामुळे वस्तीतील दारिद्र्य, बेकारी किंवा घरांची दुरवस्था नाहीशी होत नाही, हा त्यांपैकी पहिला होय. काही तरुणांच्या यशोगाथा प्रकाशात येतात. पण वर्ग मधेच सोडून गेलेल्यांची नोंद लोकांसमोर येत नाही. परदेशातील एका आठवड्याच्या स्पर्धेनंतर त्याच खोपटात व त्याच बेकारीत परतावे लागणे ही खेळाडूच्या दृष्टीने कठीण अवस्था असते. आयुष्यात एकदाच खेळण्याचा नियम न्याय्य असला, तरी त्यामुळे स्पर्धेनंतर काय, हा प्रश्न अधिक तीव्र बनतो. अशा संस्था मुख्यतः देणग्या व कंपन्यांचा सामाजिक निधी यांवर चालतात. २०१३ च्या कंपनी अधिनियमाने खेळांच्या प्रशिक्षणावरील खर्चास या निधीत स्थान दिले असले, तरी असे अर्थसाहाय्य बहुधा ठराविक मुदतीचे असते. निधी थांबला, की मार्गदर्शकाचे मानधन व त्याचबरोबर वस्तीतील वर्ग बंद पडण्याचा धोका उद्भवतो. मोकळ्या जागांवर होणारी बांधकामे हीदेखील एक मोठी अडचण आहे. चेंडू दान म्हणून मिळू शकतो. मैदान मात्र नगरनियोजनातच राखून ठेवावे लागते.

या आक्षेपांत तथ्य असले, तरी त्यांमुळे उपक्रमाचे महत्त्व कमी होत नाही. क्रीडासंघटनांच्या नोंदीत ज्यांचे अस्तित्वच नव्हते, अशा मुलांना त्याने खेळाडू ही ओळख दिली. वस्तीत नियमितपणे येणारी, मुलांना नावाने ओळखणारी व त्यांच्याकडून वक्तशीरपणाची अपेक्षा करणारी एक प्रौढ व्यक्ती उपलब्ध करून दिली. गरीब मुलांना शिस्त लावण्याचे साधन म्हणून खेळाकडे पाहण्याची जुनी दृष्टी त्याने बदलली आणि खेळ हा त्यांचाही हक्क असल्याचे प्रत्यक्ष कृतीने दाखवून दिले. एका निवृत्त क्रीडाशिक्षकाच्या प्रयत्नांतून उभे राहिलेले हे कार्य शासकीय क्रीडाधोरण, महानगरपालिकेचे नियोजन व फुटबॉल संघटनांच्या नियमित स्पर्धा यांच्याशी जोडले गेल्यास वस्तीतील मैदानापासून राज्यसंघापर्यंतचा मार्ग निर्माण होऊ शकेल. तोपर्यंत झोपडपट्टी फुटबॉलचे खरे मोजमाप जिंकलेल्या चषकांवरून करता येणार नाही. वस्तीतील किती मुले-मुली दररोज मैदानावर येतात व त्यांच्यापैकी किती जण पुढे इतरांस शिकवू लागतात, यावरूनच ते करावे लागेल.